फितूर घोटा

...आणि वर मलाच विचारतात, "हाड नाही ना मोडलं?" नाही मोडलं हो! नाही मोडलं, हाच तर माझा गुन्हा झाला! तुम्हाला सांगतो, माणसाला काही व्हायचंच असेल ना, तर सरळ हाड मोडावं. हाडाला मान आहे. हाड मोडलं की पांढरंशुभ्र प्लास्टर मिळतं, पोरंबाळं त्यावर सह्या करतात, बसमध्ये चढलात तर चार माणसं उठून उभी राहतात. आणि लिगामेंट? लिगामेंटला काय मिळतं? एक खाकी रंगाचा लवचिक पट्टा! दोन पिना लावलेला! तोही संध्याकाळपर्यंत सुटून चपलेत येऊन बसतो. लिगामेंट दिसत नाही, फोटोत येत नाही, वाजत नाही, कोणाला दाखवता येत नाही. माणूस लंगडत येतो, घामाघूम झालेला असतो, आणि समोरचा म्हणतो, "हाड नाही ना मोडलं? मग काय एवढं!" आणि विषय बदलतो. बदलतो हो विषय! माझ्या पायावरून एकदम हवामानावर!

बरं, मी काही कचेरीत खुर्चीवर बसणारा माणूस असतो तर मीही म्हटलं असतं, जाऊ दे. पण मी रंगारी. पंचवीस वर्षं लोकांची घरं रंगवतोय. आणि रंगारी म्हणजे भिंतीला रोलर फिरवणारा नव्हे, तो कोणीही फिरवतो, तुम्हीही फिरवाल. माझं काम कडेचं. छत आणि भिंत जिथे एकमेकांना भेटतात ना, ती कड. वर पांढरा, खाली तुम्ही आठ दिवस भांडून ठरवलेला तो पिस्ता नाहीतर आकाशी, आणि त्या दोघांच्या मधली रेघ. ती मी हातानं ओढतो. नुसत्या ब्रशनं. चिकटपट्टी न लावता! श्वास घ्यायचा, रोखायचा, ब्रश टेकवायचा आणि हातभर रेघ, सरळ, की बघणाऱ्यानं पट्टी लावून बघावं. आणि ही रेघ हात ओढतो असं वाटतं ना तुम्हाला? सगळ्यांनाच वाटतं. अहो, पाय ओढतात! सात फुटांवर उभा असतो मी, खाली पाय जरा हलला की वर रेघेला पोट सुटतं. हात काय, हात नुसता मिरवतो.

तर एवढी ज्या पायांवर भिस्त, त्यांतला एक... पण थांबा, आधी लंबूचं सांगतो, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही मला कोणी कोणी कसं लुटलं ते. लंबू म्हणजे माझा भागीदार. उंची पाच फूट एक इंच, म्हणून लंबू. बावीस वर्षं बरोबर आहोत. मी वर, तो खाली. आमच्या कामात ती दोन्हीकडून पायऱ्या असलेली, फाकवून उभी करायची शिडी असते ना, तिला घोडा म्हणतात. मी घोड्याशी उभा राहणार आणि विचारणार, "धरलायस?" लंबू खालून म्हणणार, "धरलाय!" मगच माझा पाय पहिल्या पायरीवर. वर काम चाललेलं असतानाही मी मान न वळवता विचारणार, "धरलायस ना रे?" "धरलाय!" बावीस वर्षं! लग्नात सप्तपदी झाली तेव्हाही मी बायकोला एवढ्या वेळा काही विचारलं नसेल. वर असताना खाली बघायचं नसतं, नजर रेघेवर, विश्वास लंबूवर.

आणि म्हणूनच बावीस वर्षांत घोड्यावरून मी एकदाही पडलो नाही. मग पडलो कुठे? जमिनीवर! सपाट जमिनीवर, दोन पायांवर उभा असताना! कसा, ते ऐका. कड संपली की रंगारी खाली उतरतो आणि दोन पावलं मागे जातो, आपलंच काम बघायला. सगळेच जातात, कोणी कबूल करत नाही. मान वर, डोळे छताला, आणि पाय आपले आपण मागे मागे. दोनच पावलं, जास्त नाही, कारण मागे डबे असतात, बादल्या असतात, दार असतं. पण त्या दिवशी, काय सांगू तुम्हाला, रेघ इतकी सुंदर आली होती, इतकी सुंदर आली होती... की मी तिसरं पाऊल घेतलं.

तिसऱ्या पावलाखाली खोली संपत होती. एक पायरी उतार, बाहेरच्या पडवीत. डावा पाय गेला तो आडवाच, तळवा आत, घोटा बाहेर आणि त्या घोट्यावर मी, सगळाच्या सगळा! कट्ट असा आवाज आला. मला वाटलं फळी मोडली. बघतो तर फळी नाही, मीच. लंबू धावत आला. आधी त्यानं वर रेघेकडे बघितलं, हात लागून पुसली बिसली नाही ना म्हणून, आणि मग खाली माझ्याकडे बघून म्हणाला, "हाड नाही ना मोडलं?"

डॉक्टरांनी फोटो काढला. उजेडासमोर धरला, हसले आणि म्हणाले, "वा! हाड अगदी छान आहे!" छान काय छान? मला काय हाडांच्या प्रदर्शनात ठेवायचंय? घोटा इकडे टरारून फुगलाय, काळानिळा पडलाय, पायाचं बोट कुठे संपतं आणि पाय कुठे सुरू होतो ते मलाच कळेना, आणि हे आपले फोटोवर खूश! मग म्हणाले, "घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जे बंध असतात, दोरीसारखे, त्यांतला एक अर्धा फाटलाय. विश्रांती, बर्फ, पट्टा, आणि पाय उशीवर उंच." मी म्हटलं, "सोमवारी मोठ्या हॉलचं काम आहे." ते म्हणाले, "सोमवारी तुम्ही उशीवर आहात." संपलं! पंचवीस वर्षं घोड्यावर काढलेल्या माणसाला एका वाक्यात उशीवर ठेवला.

घरी आलो. निदान घरी तरी माणसाला माणसासारखं विचारतील की नाही? तर बायको फोनवर बहिणीला सांगतेय, "काही नाही गं, नुसतं मुरगळलंय. नाही नाही, हाड नाही मोडलं." नुसतं! ऐकलंत? नुसतं! आणि कोचावर समोर कोण? सासूबाई! सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर आणि गेल्याच वर्षी त्यांचा खुबा बदललेला. अख्खा खुबा! आत धातूचा नवा! आता सांगा, ज्या घरात खुबा बदललेलं माणूस बसलंय तिथे लिगामेंटनं तोंड तरी कसं उघडावं? मी जरा कुठे "आई गं" म्हटलं की त्या विणकामातून मान वर न करता म्हणायच्या, "मला बत्तीस टाके होते, जावईबापू." झालं, माझी आई गं तिथेच जिरली.

बर्फाचं तर विचारूच नका. बर्फ संपला म्हणून बायकोनं फ्रीजरमधलं मटाराचं पाकीट घोट्यावर बांधलं. चार दिवस तेच पाकीट. सकाळी घोट्यावर, दुपारी फ्रीजरमध्ये, संध्याकाळी परत घोट्यावर. पाचव्या दिवशी जेवायला बसलो, तर ताटात मटार! मी म्हटलं, "हे कुठले?" ती म्हणाली, "कुठले म्हणजे? घरातले." माझ्या दुखण्याची उसळ केली हो त्यांनी! सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली.

पण हे सगळं मी गिळलं. खरा घाव आठव्या दिवशी बसला. लंबू भेटायला आला, उशीशी बसला, चहा घेतला, म्हणाला, "काळजी करू नको, तीन खोल्या झाल्या." मी म्हटलं, "झाल्या? आणि कड? कड कोणी ओढली?" तर हा वर पंख्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "लंबू, पंखा बंद आहे. कड कोणी ओढली?" हळूच म्हणाला, "चिकटपट्टी लावली." चिकटपट्टी! माझ्या कडेला! बावीस वर्षं ज्या माणसाबरोबर मी एका डब्यात जेवलो त्यानं माझ्या मागे चिकटपट्टी लावली! मी म्हटलं, "आणि लोक? लोक काय म्हणाले?" मला वाटलं सांगेल की लोकांनी आरडाओरडा केला, पैसे परत मागितले, तुझी चौकशी केली. तो म्हणाला, "खूश आहेत. मस्त झालंय म्हणाले."

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हे. म्हणजे पंचवीस वर्षं मी श्वास रोखून जी रेघ ओढली ती कोणाला ओळखूच येत नव्हती? त्या रात्री मी घोट्याकडे बघितलं आणि त्याला सरळ म्हटलं, "फितूर! घोड्यावर एवढी वर्षं शहाण्यासारखा वागलास आणि सपाट जमिनीवर दगा दिलास? तुझ्यामुळे आज माझ्या जागेवर चिकटपट्टी आलीय!" तेव्हापासून मी त्या पायाशी बोलणंच टाकलं.

सूज उतरल्यावर डॉक्टरांनी मला व्यायामवाल्या बाईंकडे पाठवलं. बाई कसली, माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी, पण आवाज असा की समोरच्यानं उभं राहावं. बसवलं मला आणि म्हणाली, "काका, पाय हवेत धरा आणि पायाच्या अंगठ्यानं अ लिहा." मी म्हटलं, "काय?" म्हणाली, "अ. मग आ. मग इ. सगळी मुळाक्षरं. दिवसातून तीनदा." अहो, मी हातानं शेवटची मुळाक्षरं लिहिली त्याला चाळीस वर्षं झाली! पण बसलो लिहायला. क, ख, ग पर्यंत ठीक गेलं. झ ला पोटरीत गोळा आला. ज्ञ काढताना मी कोचावरून खाली आलो. आणि सासूबाई समोरून बघतायत. म्हणतात कशा, "जावईबापू, ध ला शेंडी राहिली." पायानं लिहिलेल्या, हवेतल्या अक्षरात चूक काढणारी ही एकच बाई असेल.

मग टॉवेल. जमिनीवर टॉवेल पसरायचा आणि पायाच्या बोटांनी चुरगाळून जवळ ओढायचा. मग रबरी पट्टा टेबलाच्या पायाला बांधून पायानं बाहेर ताणायचा. एकदा टेबलच आलं, टेबलावरच्या वरणासकट. मग ओट्याशी उभं राहून टाचा वर, टाचा खाली. आणि मग सगळ्यात वाईट, एका पायावर उभं राहायचं. त्याच पायावर! फितुराच्या जिवावर! तीस सेकंद! बायको मोजायला उभी राहिली. ऐका हं ती कशी मोजते. "एक... दोन... तीन... अहो, ती खालची बाई आली होती, तिला मी सांगितलं शुक्रवारी या म्हणून... किती झाले? सात का? सात... आठ..." इकडे मी बगळा होऊन थरथरतोय! मी ओरडतो, "अगं, एकवीस झाले असतील!" ती म्हणते, "माझे आठ झालेत. खोटं मोजून काय उपयोग, पाय तुमचाच आहे." लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि सेकंदांचा विश्वास नाही!

आणि चार दिवसांनी मी स्वयंपाकघरात येऊन बघतो, तर सासूबाई ओट्याशी एका पायावर उभ्या. खुब्याच्याच पायावर! हातात विणकाम! मी म्हटलं, "हे काय?" म्हणाल्या, "तुमचं बघून म्हटलं आपणही करावं. चाळीस झाले. तुमचे किती?" माझे अकरा होते हो. मी टॉवेल उचलला आणि बाहेर गेलो.

बरं, असे दहा आठवडे गेले. सूज नाही, दुखणं नाही, चालताना लंगडणं नाही. लोक म्हणायला लागले, "बघा, झालात बरे! तरी म्हटलं, हाड नाही ना मोडलं?" मलाही वाटलं, झालो. लंबूला फोन केला, येतो म्हटलं. गेलो. छोटी खोली, सोपं काम. घोडा लावला. "धरलायस?" "धरलाय!" पहिली पायरी... ठीक. दुसरी... ठीक. तिसऱ्या पायरीवर डावा पाय ठेवला आणि घोट्याच्या आत काहीतरी विचार करायला लागलं. तुम्हाला सांगतो, दुखलं नाही! दुखलं असतं तर चाललं असतं. नुसतं वाटलं की हा आता वळणार. आत्ता वळणार. कानात तो कट्ट आवाज आला. पंचवीस वर्षं सातव्या पायरीवर गाणी म्हणणारा मी, तिसऱ्या पायरीला मिठी मारून उभा!

खाली उतरलो. म्हटलं, "ब्रशचे केस गळतायत, दुसरा आणतो." लंबूनं ब्रशकडे बघितलं. ब्रश नवाकोरा होता. तो हसला असता तर मी भांडलो असतो, चेष्टा केली असती तर चार शब्द सुनावले असते.  त्यानं नुसता पिशवीत हात घातला आणि चिकटपट्टी काढली. त्या पट्टीचा सोलताना होणारा तो चर्र आवाज... नको. घरी आलो, न्हाणीघराचं दार लावलं, नळ सोडला आणि रडलो. हो, रडलो, लाज कसली? कडेशिवाय मी कोण हो? रोलर फिरवणारा अजून एक माणूस.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीकडे जाऊन सांगितलं, "बाई, तुमचा पाय बरा झाला नाही. परत घ्या." तिनं पाय सगळीकडून दाबला, वळवला, ढकलला, मला ढकलून बघितलं, उड्या मारायला लावल्या. म्हणाली, "काका, पायात ताकद आलीय. तुम्हीच त्याच्यावर भार टाकत नाही. उभे राहता तेव्हा सगळं वजन उजव्यावर. त्याला काम दिलंच नाही तर तो शिकणार कसा?" मी म्हटलं, "त्यानं मला दगा दिलाय!" ती म्हणाली, "त्यानं? मागे न बघता तीन पावलं कोण गेलं?"  माझ्या बाजूनं बोलायला एक माणूस पाठवलं होतं डॉक्टरांनी, तेही त्या घोट्याला जाऊन मिळालं!

मग तिनं नवा छळ काढला. एका पायावर, डोळे मिटून! ते जमलं की उशीवर उभं राहून! ज्या उशीवर मी इतके दिवस पाय ठेवला त्याच उशीवर अख्खा मी! पहिल्या दिवशी दोन सेकंद. डोळे मिटले की जग डावीकडे जातं, करून बघा घरी, पण काहीतरी धरून करा. मग जिन्याची एक पायरी, चढ-उतार, डावा आधी. वीस वेळा. मग दोन पायऱ्या. जिन्यात शेजारी भेटायचे, "काय, वर जाताय की खाली?" मी म्हणायचो, "दोन्ही." मग घरातलं लाकडी स्टूल. मग स्टुलावर एका पायावर. बायको आता नीट मोजायला लागली होती, एकही सेकंद न खाता, आणि मी डगमगलो की तिचा हात आपोआप पुढे यायचा आणि मी बघितलं की मागे जायचा. नुसतं मुरगळलंय म्हणणारी हीच बाई. एकदा मला म्हणाली, "अहो, तुम्ही ती रेघ परत ओढा बाई. घरात बसलात की सगळ्यांच्या चुका काढता."

पाचव्या महिन्यात एक दिवस मी उशीवर, डाव्या पायावर, डोळे मिटून उभा होतो आणि बायको मोजत होती, आणि मोजता मोजता तिचा आवाज बारीक झाला. "अठ्ठावन्न... एकोणसाठ... साठ." डोळे उघडले तर तिच्या डोळ्यांत पाणी. सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं होतं. म्हणाल्या, "माझे नव्वद होतात. पण मी डोळे उघडे ठेवते." तुम्हाला सांगतो, त्या घरात एवढं कौतुक माझं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग गेलो. मोठा हॉल, उंच छत, खिडक्या या एवढाल्या. लंबूनं तीन भिंतींना पट्टी लावून घेतली होती आणि चौथी, दारासमोरची, येणाऱ्या माणसाची नजर पहिली जिथे जाते ती, तशीच ठेवली होती. म्हणाला, "ही तुझी."  घोडा लावला. ब्रश भिजवला. "धरलायस?" "धरलाय!" पहिली. दुसरी. तिसरीवर घोटा विचार करायला लागला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, उशीवर साठ सेकंद उभा राहतोस, ही तर फळी आहे. "धरलायस ना रे?" "धरलाय!" चौथी. पाचवी. घामानं शर्ट पाठीला चिकटला. सहावी. "लंबू, धरलायस ना?" "धरलाय, धरलाय!" सातवी.

उभा राहिलो. श्वास घेतला, रोखला, ब्रश टेकवला. आणि रेघ निघाली हो! तीच! सरळ! हातभर झाली, सरकलो, परत हातभर. घोटा खाली थरथरला, सावरला, थरथरला, सावरला, आणि मग गप्प उभा राहिला. मला एकदम एवढा आनंद झाला की मी उगीचच, नुसता लाडानं, ओरडलो, "लंबू, धरलायस ना रे?"

"धरलाय!"

पण आवाज लांबून आला. आणि आवाजात बिस्कीट होतं. आणि मागे नळाचं पाणी चालू होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी घोड्यावरून खाली बघितलं. खाली कोणी नाही! नुसती जमीन! सात फुटांवर मी एकटा, आणि लंबू स्वयंपाकघरात!  पण ब्रश ओला, रेघ अर्ध्यात. आणि रेघ अर्ध्यात सोडली ना, तर रंग वाळतो आणि सांधा जन्मभर दिसतो. उतरता येईना, ओरडता येईना, ओरडलो तर हात हलेल. काय करणार? ओढली! दात-ओठ खात, मनात लंबूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत सगळी रेघ ओढली, कोणी न धरलेल्या घोड्यावर, फितूर घोट्यावर!

उतरलो आणि तसाच स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "धरलाय म्हणालास!" तो बिस्कीट गिळून म्हणाला, "मग? काय झालं?" मी म्हटलं, "काय झालं? आजच्या दिवशी? पाच महिन्यांनी मी वर चढलो आणि तू..." तो म्हणाला, "आजच्या काय? रोजच." मी म्हटलं, "रोजच म्हणजे?" तर सांगतो कसा, अगदी शांतपणे, ब्रश धूत धूत, "पहिल्या वर्षी धरायचो. मग एकदा पाणी प्यायला गेलो, तू विचारलंस, मी तिथूनच धरलाय म्हटलं. तुझं काम नीट चाललं होतं. घोड्याला चार पाय असतात, उभा राहतो तो. तू कड ओढत असताना शेजारच्या खोलीत प्रायमर कोण मारायचं, तुला काय वाटलं?"

एकवीस वर्षं! एकवीस वर्षं शेजारच्या खोलीत प्रायमर लागत होतं आणि मी कधी विचारलं नाही कोण लावतं!  मी म्हटलं, "अरे, मग इतकी वर्षं मी वर कोणाच्या भरवशावर उभा होतो?" त्यानं खांदे उडवले. म्हणाला, "मला काय माहीत? पाय तुझे."

म्हणजे बघा. डॉक्टर हाडाच्या बाजूचे. बायकोनं 'नुसतं मुरगळलंय' म्हणून वाऱ्यावर सोडलं, माझ्या दुखण्याची उसळ केली. सासूबाई टाके मोजून दाखवतात, व्यायामवाली घोट्याची वकील, लोकांना चिकटपट्टी चालते, आणि लंबू एकवीस वर्षं बिस्किटं खात खोटं बोलला. आणि ज्याला मी पाच महिने शिव्या घातल्या, फितूर म्हटलं, ज्याच्याशी बोलणं टाकलं, तो एकटाच बिचारा इतकी वर्षं खाली उभा होता. मी तिथेच फरशीवर बसलो, बूट काढला आणि घोटा जरा हातात धरला. लंबू घाबरून म्हणाला, "काय रे? हाड नाही ना मोडलं?" 

दुसऱ्या दिवशी बेडरूमचं काम. लंबूला रात्रभर काय वाटलं कोण जाणे, मी घोडा लावायच्या आत येऊन त्यानं तो दोन्ही हातांनी गच्च धरला. म्हणाला, "आजपासून खरोखर धरणार. आईशप्पथ!" मी चढलो. आणि तुम्हाला सांगतो, घोडा हलायला लागला! एकवीस वर्षांत नाही हलला तो हलायला लागला! तो खोकला की घोडा खोकतो, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला की घोडाही जातो, त्याला शिंक आली तेव्हा तर मी छताला हात टेकले! रेघेला पोट सुटायला लागलं. मी वरून म्हटलं, "सोड." तो म्हणाला, "नाही, शप्पथ घेतलीय." मी म्हटलं, "सोड म्हणतो ना!" त्यानं सोडला. घोडा गप्प. मी गप्प. घोटा गप्प. शेजारच्या खोलीत प्रायमरचा डबा उघडल्याचा आवाज आला. मी ब्रश भिजवला, श्वास घेतला, रोखला... आणि हात काही उठेना. अर्धा मिनिट तसाच उभा. साठ सेकंदवाला माणूस मी! पाय तयार, ब्रश तयार, आणि हात हलेना. शेवटी काय करणार, ओरडलोच, "लंबू! धरू नकोस रे बाबा... पण तिकडून नुसतं 'धरलाय' म्हणत जा!"